विंडोज १० वरून विंडोज ११ वर जावे का: निर्णय कसा घ्यावा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम दहा वर्षे घरांत, दुकानांत, पतसंस्थांत, शाळांच्या कार्यालयांत आणि छापखान्यांत मुकाट्याने काम करत राहिली, आणि त्यामुळेच ती बदलण्याचा विचार अनेकांना आजही नकोसा वाटतो. काही जण पडद्यावर सूचना आली की होकाराचे बटण दाबून मोकळे होतात; काही जण ‘चालतंय ना, मग हात लावायचा नाही’ म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहतात. या दोन्ही वागण्यांत विचार करून घेतलेला निर्णय नसतो. नवी प्रणाली चांगली की जुनी, या वादातून तो मिळणारही नाही. या संगणकावर रोज कोणते काम होते, ते काम कोणत्या सॉफ्टवेअरवर आणि कोणत्या उपकरणांवर अडून आहे, आणि हा संगणक इंटरनेटला जोडलेला असतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहून काढावीत. निर्णय बहुधा त्या कागदावरच दिसू लागतो.

सपोर्ट संपला म्हणजे काय झाले

१४ ऑक्टोबरला चालणारा संगणक १५ ऑक्टोबरलाही तसाच चालला, म्हणून पुष्कळांचा समज झाला की ही केवळ विक्री वाढवण्याची युक्ती होती. वस्तुस्थिती अशी आहे की प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सुरक्षेच्या फटी सतत सापडत असतात आणि दर महिन्याच्या अपडेटमधून त्या बुजवल्या जातात. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा सारखाच असल्यामुळे एकीत सापडलेली फट पुष्कळदा दुसरीतही असते. विंडोज ११ साठी अपडेट बाहेर पडले की हल्लेखोर ते उलगडून पाहतात, नेमके काय दुरुस्त केले आहे हे त्यावरून ओळखतात, आणि तीच फट जिथे कधीच बुजणार नाही अशा जुन्या संगणकांकडे वळतात. म्हणजे धोका सपोर्ट संपल्याच्या दिवशी उभा राहत नाही, तो महिन्यागणिक साचत जातो.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. विंडोजमधील फाइल शेअरिंगच्या एका फटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने त्याच फटीतून जगभरातले संगणक ओलीस धरले, दुरुस्ती मिळून जवळजवळ दोन महिने झाले असूनही ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या व्हायरसने इतर मार्गांच्या जोडीला पुन्हा तीच फट वापरली, आणि मर्स्क या जहाज कंपनीला बसलेल्या त्या फटक्याची झळ न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचून तिथले कंटेनरचे काम अडले. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार, ग्राहकांचे आधार क्रमांक, विद्यार्थ्यांचे दाखले किंवा सभासदांची खाती आहेत, आणि जो इंटरनेटला जोडलेला आहे, तो सुरक्षा अपडेटविना चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी रूपे, मध्यभागी आलेला स्टार्ट मेनू, गोलसर कोपरे या सगळ्या आवडीनिवडीच्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी कोणी घाई करू नये आणि त्यांच्यावर रागावून कोणी थांबूही नये.

आधी यंत्र तपासावे

विंडोज ११ च्या अटी जाहीर आहेत: ६४ बिटचा, किमान दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटला (संगणक फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) पात्र असे यूईएफआय फर्मवेअर (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. खरी अडचण बहुतेक वेळा दोनच ठिकाणी येते, प्रोसेसरच्या पिढीत आणि टीपीएममध्ये.

प्रोसेसरची पिढी ओळखायला ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ हे पान उघडावे. तिथे इंटेलचे नाव ‘कोअर आय५-७२००यू’ असे दिसत असेल, तर आडव्या रेघेनंतरचा ७ हा आकडा सातवी पिढी सांगतो. ‘८२५०यू’ म्हणजे आठवी, ‘१०२१०यू’ म्हणजे दहावी. मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. एएमडीमध्ये साधारणपणे रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात, मात्र त्या मालिकेतले काही सुरुवातीचे प्रोसेसर यादीत नाहीत, त्यामुळे अंदाजावर न राहता मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवून खात्री करावी. याच पानावर ‘सिस्टीम टाइप’ समोर ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम असे लिहिलेले असेल, तर प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी थेट अपग्रेड होत नाही. सगळे पुसून नव्याने बसवावे लागते.

टीपीएमबाबत मात्र पुष्कळ जण विनाकारण निराश होतात. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या छोट्या चौकटीत ‘टीपीएम.एमएससी’ हे रोमन अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे. उघडलेल्या खिडकीत उजवीकडे खाली ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’ समोर २.० दिसले की काम झाले. ‘सुसंगत टीपीएम सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तरी चिप नाहीच असे समजू नये. २०१८ नंतरच्या कितीतरी संगणकांत, विशेषतः स्थानिक दुकानात जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये, ती सुविधा प्रोसेसरच्या आतच असते आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. ती सुरू करून पुन्हा तपासावे. हा बदल करण्यापूर्वी डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू आहे का ते पाहून, असल्यास तात्पुरते स्थगित करावे आणि त्याची रिकव्हरी की (डिस्क उघडण्याचा लांब क्रमांक) कागदावर उतरवून ठेवावी, नाहीतर संगणक सुरू होतानाच ती मागून बसतो. सिक्युअर बूटसाठी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागते; त्यासाठीचे साधन विंडोज १० मध्येच आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय ते वापरू नये.

अटींत बसणे आणि सुखाने चालणे यांत अंतर आहे. ४ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर विंडोज ११ बसते, परंतु वापरणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. अशा यंत्रात आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी, रॅम ८ जीबी करावी, आणि मगच अपग्रेडचा विचार करावा. पुष्कळदा एवढ्याने संगणकाचा वेग इतका सुधारतो की नवा घेण्याची गरजच उरत नाही. तपासणी टाळून अपात्र यंत्रावर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. त्या चालतात, पण अशा यंत्रांना पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २०२४ मध्ये आलेली २४एच२ ही आवृत्ती काही फार जुन्या प्रोसेसरांवर सुरूच होत नाही. सुरक्षा अपडेट्ससाठीच हा खटाटोप असेल, तर ज्याची अपडेट्सच अनिश्चित आहेत असा मार्ग दुसऱ्याच्या संगणकावर तरी कोणी वापरू नये.

काम कशावर अडून आहे

यंत्र पात्र ठरले म्हणजे निम्मेच काम झाले. मराठी वापरकर्त्यांपुरते सांगायचे तर सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो.

छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत आजही पेजमेकर किंवा कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीवर, श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पाने, ग्रामपंचायतीचे अहवाल जुळवले जातात. या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे युनिकोडच्या (सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) जागी नसून रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट गेला की ‘श्री गणेशाय नमः’ लिहिलेल्या ओळीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग दिसते. फाँटच्या फायली विंडोज ११ मध्ये सहसा बसतात. अडतो तो कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम आणि त्याचे डोंगल (परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावावे लागणारे छोटे उपकरण). डोंगलचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडून देणारा प्रोग्रॅम) ३२ बिटच्या काळातला असेल तर तो चालणार नाही, कारण विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते आणि तिला ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा चालू असेल तर ६४ बिटचे काही जुने ड्रायव्हरही नाकारले जातात. म्हणून अपग्रेडपूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या आवृत्तीला विंडोज ११ चा पाठिंबा आहे का, डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळेल का, आणि नवी आवृत्ती घ्यावी लागल्यास जुन्या फायली तिच्यात जशाच्या तशा उघडतील का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. आपली एखादी अवघड फाइल, जिच्यात जोडाक्षरे, रफार आणि तक्ते भरपूर आहेत अशी, त्यांच्यासमोर उघडून पाहावी. ‘कर्तृत्व’, ‘दुर्दम्य’, ‘ऱ्हास’, ‘वाङ्मय’ हे शब्द नीट उमटले तर बाकीच्या मजकुराची काळजी बरीच कमी होते.

जे युनिकोडमध्ये टाइप करतात त्यांना ही चिंता नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज ११ मध्ये आहे, आणि २०१९ च्या मे महिन्यातील अपडेटपासून विंडोज १० मध्ये आलेला मराठी फोनेटिक कीबोर्डही तिथे आहे. खरे तर जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्यासाठी अपग्रेडइतके योग्य निमित्त नाही. पंचवीस वर्षांचे अंक, संमेलनांची स्मरणिका, गावाच्या इतिहासाची टिपणे केवळ एका डोंगलच्या भरवशावर राहावीत, ही गोष्ट मला मनापासून चिंतेची वाटते, मग अपग्रेड करायचे ठरो वा न ठरो.

किराणा दुकानांत आणि काही पतसंस्थांत अजूनही डॉसच्या (विंडोजपूर्वीच्या जुन्या प्रणालीच्या) काळातले बिलिंगचे किंवा खात्यांचे प्रोग्रॅम दिसतात. ३२ बिटच्या विंडोज १० वर ते कसेबसे चालतात. ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालत नाहीत. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या साधनाने त्यांना तात्पुरते जगवता येते, परंतु छपाई, एकाच वेळी अनेकांनी वापरणे आणि फायली सुरक्षित राहणे या तिन्ही बाबतीत आधी तालीम केल्याशिवाय सभासदांचे पैसे त्यावर सोपवू नयेत.

कर सल्लागार, वकील आणि कंत्राटदार यांनी डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी मिळतो का ते पाहावे. जुना स्कॅनर, बारकोडचा प्रिंटर, पॅथॉलॉजी लॅबमधले यंत्राला जोडलेले सॉफ्टवेअर यांचीही अशीच एकेक करून चौकशी करावी. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ कॉल, एक्सेल आणि वर्ड एवढेच काम असेल तर हा भाग पाच मिनिटांत संपतो आणि उत्तर सरळ आहे: यंत्र पात्र असेल तर अपग्रेड करावे.

थांबायचे असेल तर कसे थांबावे

यंत्र अपात्र आहे, किंवा एखादे सॉफ्टवेअर अडले आहे, म्हणून लगेच नवा संगणक घ्यावाच असे नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी विस्तारित सुरक्षा अपडेट्सची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर केली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. संगणकाच्या सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक करण्याची तयारी असेल तर नोंदणीला पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरइतकी रक्कम द्यावी लागते, आणि एका नोंदणीवर दहा संगणकांपर्यंत चालते. ‘सेटिंग्ज’मधील विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. कंपनीच्या डोमेनला (मध्यवर्ती व्यवस्थेला) जोडलेल्या संगणकांना ही घरगुती योजना लागू नाही. संस्थांसाठीची वेगळी योजना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर अशी असून दर वर्षी दुप्पट होते. या दोन्ही योजनांत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी नाहीत. जे आज अडले आहेत त्यांनी हा अवधी डोंगल, फाँट आणि ड्रायव्हर यांचा प्रश्न सोडवण्यासाठी वापरावा. अवधी संपेपर्यंत झोपून राहण्यासाठी वापरला तर तो वाया गेला.

दुसरा मार्ग जुन्या यंत्राला इंटरनेटपासून कायमचे तोडण्याचा आहे, आणि छापखान्यांसाठी तो मला फार व्यवहार्य वाटतो. जुळणीचा संगणक आहे तसाच ठेवावा, त्याची नेटवर्कची वायर काढावी, वायफाय बंद करावे, आणि ग्राहकांच्या ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपसाठी दुसरा, अपडेट मिळणारा संगणक वापरावा. मग धोक्याची एकच वाट उरते, ती म्हणजे पेनड्राइव्ह. ग्राहकाचा पेनड्राइव्ह कधीही थेट जुळणीच्या यंत्राला लावू नये, तो आधी दुसऱ्या संगणकावर तपासून त्यातली हवी तेवढीच फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घ्यावी. त्या यंत्राच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी, कारण ते बिघडले तर तीच मांडणी पुन्हा उभी करणारा माणूस मिळेलच असे नाही.

तिसरा मार्ग लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा. अपात्र लॅपटॉपवर केवळ इंटरनेट, पत्रे आणि हिशेबाचे साधे तक्ते एवढेच काम असेल, तर लिनक्स मिंट २२ किंवा उबंटू २४.०४ यांना २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, त्यांत मराठी टायपिंग व्यवस्थित होते, आणि पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहता येते. प्रिंटर, वायफाय आणि आवाज तिथेच तपासून घ्यावेत. टॅली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा श्री-लिपी हे ज्यांचे रोजचे आहे त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

अपग्रेड करायचे ठरल्यावर

वेळ निवडण्यात हयगय करू नये. छापखान्याने लग्नसराईत, कर सल्लागाराने विवरणपत्रांच्या हंगामात आणि कोणीही मार्चअखेरीस हे काम काढू नये.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि तो घेतला गेला आहे यावर विश्वास न ठेवता त्यातल्या चार-दोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. टॅलीचा डेटा, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, फाँटचे फोल्डर आणि ब्राउझरमधले पासवर्ड या चार गोष्टी हमखास राहून जातात. ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर विंडोज अधिकृत असल्याची नोंद पाहावी, कारण मोफत अपग्रेड अधिकृत विंडोज १० वरूनच मिळते. संगणक नव्याने पुसून बसवणार असाल, तर विंडोज ११ ची होम आवृत्ती इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, आणि २४एच२ पासून बहुतेक यंत्रांत डिस्क आपोआप कूटबद्ध होऊन तिची की त्याच खात्यात जाते. म्हणून ते खाते घरच्याच माणसाचे, चालू मोबाइल क्रमांकाचे असावे. दुकानदाराने किंवा शेजारच्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिलेल्या खात्यात ती की अडकली, तर पुढे कधी तरी स्वतःच्याच फायली उघडता येणार नाहीत.

अपग्रेड झाल्यावर पहिले दहा दिवस मोलाचे असतात. या मुदतीत ‘सिस्टीम’मधील ‘रिकव्हरी’च्या पानावरून विंडोज १० वर परत जाता येते; त्यानंतर जुन्या प्रणालीच्या फायली आपोआप पुसल्या जातात, आणि जागा मोकळी करण्याच्या नादात कोणी ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ पुसल्या तर त्याआधीच तो मार्ग बंद होतो. म्हणून या दहा दिवसांत महिन्यातून एकदाच होणारी कामेही मुद्दाम करून पाहावीत: एखाद्या साध्या पीडीएफवर चाचणीपुरती डिजिटल स्वाक्षरी जोडून पाहावी, सभासदांची यादी डॉट मॅट्रिक्सवर छापावी, स्कॅनरवर दोन्ही बाजूंचा कागद घालावा, जुन्या अंकाचे एक पान उघडून पीडीएफ करावे. एखादे महत्त्वाचे काम अडले आणि दोन दिवसांत त्यावर उपाय सापडला नाही, तर आठव्या-नवव्या दिवसापर्यंत न थांबता परत फिरावे, विस्तारित अपडेट्सची नोंदणी करावी आणि विक्रेत्याकडून लेखी उत्तर आल्यावरच पुन्हा प्रयत्न करावा.